समुद्रावरची सुट्टी: प्राणिसंग्रहालय, डॉल्फिन शो की कासवाची पिल्लं? खरं संवर्धन ओळखायचं कसं?

वाळूघड्याळ (धागाकर्ता)

चार दिवस समुद्रावर जाणार आहोत. सोबत नऊ आणि तेरा वर्षांची मुलं. जवळपास तीन गोष्टी आहेत: मोठं प्राणिसंग्रहालय, डॉल्फिन शो असलेलं मत्स्यालय, आणि हॉटेलतर्फे रोज संध्याकाळी पैसे भरून कासवाची पिल्लं समुद्रात सोडण्याचा कार्यक्रम. तिन्हींच्या जाहिरातीत 'संवर्धन' ठळक अक्षरांत. धाकट्याला वाघ बघायचाय, थोरलीला पिंजरे बघायचेच नाहीत.

खरं काम आणि नुसती पाटी यातला फरक बाहेरच्या माणसाला कसा कळावा? किनाऱ्यावर आपल्या हातून नकळत काय बिघडतं तेही सांगा. 'सगळ्या प्राण्यांना मोकळं सोडा' आणि 'मग मुलांनी वाघ बघायचाच नाही का' हे दोन्ही प्रतिसाद कृपया नकोत.

---

उदमांजर

प्राणिसंग्रहालयापुरतं लिहितो.

जाण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, प्राणिसंग्रहालयांच्या संघटनांची मान्यता: युरोपात ईएझा, अमेरिकेत एझेडए, जागतिक पातळीवर वाझा. ही किमान पायरी, गुणवत्तेचा दाखला नव्हे. दुसरी जास्त महत्त्वाची: पिल्लू जन्मल्याची बातमी दिसली की ते मोठं झाल्यावर कुठे जाणार हे लिहिलंय का? पैदास म्हणजे संवर्धन नाही. नियोजित पैदास कार्यक्रमात प्रत्येक प्राण्याची वंशनोंद असते. जोड्या ठरवताना कोणाचे नातेवाईक बंदिवासात सर्वांत कमी आहेत ते बघतात, आणि शंभर वर्षांनंतरही मूळ जनुकीय वैविध्यापैकी ९०% शिल्लक राहावं हे नेहमीचं उद्दिष्ट असतं. म्हणून चांगल्या संग्रहालयात कित्येक प्राण्यांना गर्भनिरोधक दिलेलं असतं. दरवर्षी बछडे आणि दरवर्षी बारशाचा सोहळा असेल तर तो धंदा आहे.

पांढरा वाघ असेल तर तो संवर्धनाच्या खात्यात अजिबात धरू नका. ती वेगळी जात किंवा उपजात नाही, रंगाचं एक अप्रभावी जनुक आहे. बंदिवासातल्या पांढऱ्या वाघांची वंशावळ मुख्यतः १९५१ मध्ये रीवाच्या जंगलात पकडलेल्या 'मोहन'पर्यंत जाते. त्याचं त्याच्या मुलीशीच मीलन घडवून रंग टिकवला गेला, आणि अशी जवळच्या नात्यातली पैदास पुढेही चालू राहिली. डोळ्यांचा तिरळेपणा मात्र त्या रंगासोबतच येतो, कारण रंगद्रव्य नसलं की डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची जोडणी चुकते.

बछड्याला मांडीवर घेऊन फोटो काढून देत असतील तर दारातूनच परत या. बछडा हाताळण्याजोगा जेमतेम काही महिने असतो, म्हणजे सतत नवा लागतो. आईपासून लवकर तोडल्याशिवाय हे जमत नाही, आणि मोठे झालेले कुठे जातात याचं उत्तर सहसा मिळत नाही.

आत गेल्यावर वीस प्राणी धावतपळत बघण्यापेक्षा एकाच पिंजऱ्यासमोर पंधरा मिनिटं थांबा. कुंपणालगत गवत झिजून पायवाट पडली आहे का? प्राणी त्याच वाटेने, त्याच ठिकाणी वळत फिरतोय का? हत्ती जागच्या जागी डोलतोय का? २००३ मध्ये रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी दाखवलं की जे मांसाहारी प्राणी निसर्गात दूरवर भटकतात, त्यांच्यात बंदिवासात येरझाऱ्या आणि पिल्लांचे मृत्यू जास्त दिसतात. ध्रुवीय अस्वल यात अग्रभागी.

एक सावधगिरी. सर्कशीतून सोडवून आणलेला प्राणी उत्तम जागेतही जन्मभर येरझाऱ्या घालू शकतो, ती जुनी जखम असते. म्हणून पाटी वाचा, नाहीतर राखणदाराला विचारा. उलट प्राणी दिसलाच नाही तर तक्रार करू नका. लपायला आडोसा असणं ही चांगल्या पिंजऱ्याची खूण आहे.

---

खाजण

कासवांच्या कार्यक्रमाबद्दल. 'रोज संध्याकाळी' याच शब्दांवर शंका घ्या.

पिल्लं अंड्यातून बाहेर आली तरी लगेच वाळूवर येत नाहीत. वरची वाळू थंड झाली की, म्हणजे बहुधा रात्री, एकदम वर येतात. पोटात उरलेल्या बलकाच्या जोरावर पहिला एखाददुसरा दिवस ती जिवाच्या आकांताने पोहतात आणि किनाऱ्याजवळच्या माशांच्या टापूतून बाहेर पडतात. पर्यटक जमेपर्यंत बादलीत किंवा टाकीत ठेवलेलं पिल्लू ही शिदोरी तिथेच संपवतं. समुद्रात गेल्यावर ते दमलेलं असतं. आपल्याला दिसतो तो गोंडस प्रवास, पुढचं दिसत नाही.

विचारायचे प्रश्न असे:

पिल्लं वर आल्यावर किती वेळात सोडता? 'लगेच, मग कोणी बघायला असो वा नसो' हेच बरोबर उत्तर. हातात देता का? द्यायला नको. वाळूवरून स्वतः चालत जाऊ द्यावं, पाण्यात नेऊन ठेवू नये, आणि उजेडी सोडल्यास पक्षी टिपतात.

अंडी मूळ जागेवरून का हलवली? भरतीचं पाणी, कुत्री, चोरी ही कारणं ठीक. मात्र ती घातल्यापासून पहिल्या काही तासांतच, न फिरवता हलवावी लागतात. त्यानंतर गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि अंडं उलटंसुलटं झालं की मरतो.

वाळूचं तापमान मोजता का? सागरी कासवांत नर की मादी हे तापमान ठरवतं. साधारण २९ अंशांच्या आसपास दोन्ही निम्मेनिम्मे, त्याहून गरम असेल तर माद्या वाढतात. सावलीशिवाय उघड्यावर एकाच ठिकाणी सगळी घरटी दाटीने पुरणारी हॅचरी (अंडी आणून उबवायची राखीव जागा) नुसत्याच माद्या तयार करत असू शकते. या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर पैसे भरू नका.

आता किनारा. रात्री मोबाइलचा टॉर्च आणि फ्लॅश बंद, कारण पिल्लं क्षितिजावरच्या उजेडाकडे जातात आणि दिव्यांमुळे रस्त्यावर येतात. खोलीचे समुद्राकडचे पडदे ओढा. मुलांनी खणलेले खड्डे संध्याकाळी बुजवा, खुर्च्या उचलून ठेवा: मादी अडखळली तर अंडी न घालताच परतते, पिल्लं खड्ड्यात अडकतात.

ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत मुलं रमतील. दगड उचलला तर हळूच, त्याच बाजूने, त्याच जागी परत. उलटा राहिलेला दगड म्हणजे खालची अख्खी वसाहत उन्हात. तारामासा पाण्याबाहेर काढू नका, त्याचा श्वास अंगावरच्या नाजूक कल्ल्यांतून पाण्यातच चालतो. रिकामे शंखही शक्यतो तिथेच, साधूखेकड्यांना घर म्हणून लागतात.

सनस्क्रीनबद्दल कोणी विचारेलच. हवाईने प्रवाळांच्या काळजीने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेल्या क्रीमच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी घातली. प्रवाळांचा मुख्य शत्रू तापलेलं पाणी आहे, क्रीम नव्हे. तरीही पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घातला की क्रीम निम्म्याहून कमी लागतं, वाद मिटला.

---

निवडुंग

उदमांजर यांचं बरंचसं मान्य. पण 'प्राणिसंग्रहालयाने जात वाचवली' हे वाक्य अर्धंच असतं, थोरलीला उरलेलं अर्धंही सांगा.

अरबी ओरिक्स (वाळवंटातला, लांब शिंगांचा हरणासारखा प्राणी) १९७२ च्या सुमारास जंगलातून संपला होता. बंदिवासातला कळप होता म्हणून १९८२ मध्ये ओमानमध्ये परत सोडता आला. नव्वदच्या दशकात संख्या काहीशेवर गेली, मग शिकार आणि चोरटी विक्री सुरू झाली. पुढे ओमानने अभयारण्याचं क्षेत्र ९०% कमी केलं, आणि २००७ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीतून काढलं. असं काढलं गेलेलं ते पहिलंच स्थळ.

कॅलिफोर्निया काँडोर: १९८७ मध्ये उरलेले सगळे, म्हणजे २७ पक्षी बंदिवासात होते. १९९२ पासून परत सोडले जातायत. पण शिकारीच्या मढ्यातले शिशाचे तुकडे खाऊन ते आजही मरतात, त्यामुळे पुन्हा पुन्हा पकडून रक्त तपासावं लागतं. ज्या कारणाने जात संपली ते कारण जाग्यावर असेल तर सोडणं म्हणजे भोकाच्या माठात पाणी ओतणं.

तेव्हा संग्रहालयाला विचारायचा खरा प्रश्न: पिंजऱ्याबाहेर, त्या प्राण्याच्या मूळ जागी तुम्ही कशावर खर्च करता?

---

उदमांजर

निवडुंग, ओरिक्सचं उदाहरण पूर्ण करा की. ओमानपुरतं ते अपयश, पण इतर देशांतही सोडल्यामुळे आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत जातीचा दर्जा २०११ मध्ये सुधारून 'असुरक्षित' या कमी धोक्याच्या वर्गात आला. एकेकाळी जंगलातून नामशेष झालेल्या प्राण्याने एवढी मजल मारणं तेव्हा पहिल्यांदाच घडलं.

आणि सगळ्यात नेटकं काम बरेचदा कोणी बघत नाही अशा खोलीत चालतं. पॉलिनेशियातल्या पार्टुला गोगलगायी घ्या. आफ्रिकी महागोगलगायींचा बंदोबस्त करायला सत्तरच्या दशकात दुसरी शिकारी गोगलगाय आणली, तिने स्थानिक पार्टुलाच फस्त केल्या. लंडन, एडिंबरा वगैरे संग्रहालयांनी त्या डब्यांत वाढवल्या, आणि २०१५ पासून त्या बेटांवर परत जातायत. नखाएवढा जीव. बेडूक, गोगलगायी, किडे यांची खोली असेल तर वाघाआधी तिथे जा.

---

वाळूघड्याळ

हॉटेलला फोन केला. पिल्लं 'दुपारी गोळा करून सूर्यास्ताला' सोडतात म्हणाले, तापमानाचा प्रश्न कळलाच नाही. तो कार्यक्रम बाद. डॉल्फिन शोचं काय? मत्स्यालय एरवी बरं दिसतंय.

---

खाजण

शोमध्ये बहुतेक बॉटलनोज डॉल्फिन असतात, आणि आययूसीएनच्या यादीत ही जात एकंदरीत धोक्यात नाही. म्हणजे 'जात वाचवण्यासाठी' हे कारण तिथेच गळून पडतं. चेहऱ्यावरचं हसू ही जबड्याची ठेवण, मरताना पण तसंच दिसतं. भारताने २०१३ मध्येच डॉल्फिनेरियमला परवानगी नाकारली.

मत्स्यालय बघायचं तर शो वगळून तिकीट मिळतं का विचारा. आत गेल्यावर 'हे मासे आले कुठून?' हा एकच प्रश्न पुरे. क्लाउनफिश आणि काही समुद्रघोडे बंदिवासात वाढवता येतात, पण खाऱ्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे अजूनही प्रवाळांतून पकडलेले असतात. काही ठिकाणी सायनाइड फवारून. स्पर्शकुंड (प्राण्यांना हात लावू देतात ते उथळ कुंड) असेल तर आधी हात साध्या पाण्याने धुवा, क्रीमचा लेप आत जायला नको. प्राण्यांना विश्रांतीसाठी कुंड आळीपाळीने बंद ठेवत असतील तर ती जागा बरी.

---

उदमांजर

वाघासाठी सकाळी उघडताक्षणी किंवा शेवटच्या दोन तासांत जा. दुपारी तो झोपलेला असतो आणि लोक काचेवर टकटक करत असतात. थोरलीला वही द्या: दर मिनिटाला प्राणी काय करतोय ते एका शब्दात लिहायचं, पंधरा नोंदी. वर्तन अभ्यासणारेही ठरावीक अंतराने अशाच नोंदी घेतात.