मदत हवी आहे: टेक्ससमध्ये बहिणीच्या घरी सीपीएस (मुलांच्या संरक्षणाचं सरकारी खातं) आलंय, बाळाच्या पाठीवरच्या निळ्या डागांवरून

मंडळी, थोडं लांबलचक होणार आहे, दोन रात्री झोप नाहीये, इकडेतिकडे झालं तर समजून घ्या. मी नाशिकला, धाकटी बहीण डॅलसजवळ. तिला पाच महिन्यांची मुलगी आहे. मागच्या आठवड्यात डे-केअरमधल्या बाईंना डायपर बदलताना बाळाच्या कमरेवर आणि डाव्या खांद्यावर निळसर-करडे डाग दिसले, त्यांनी फोन केला आणि मंगळवारी संध्याकाळी सीपीएसची बाई दारात उभी. डाग जन्मापासून आहेत हो! माझ्या लेकाच्या ढुंगणावर तर दोन वर्षांचा होईपर्यंत तळहाताएवढा होता, आम्ही कधी लक्षही दिलं नाही.

पण खरा घोळ पुढेच झाला. बहिणीच्या सासूबाई दीड महिन्यापूर्वी आल्यात, बाळाची मालीश-आंघोळ त्याच करतात. सीपीएसच्या बाईने त्यांना विचारलं बाळाला कसं सांभाळता, तर इंग्लिश जेमतेम, त्यांनी हातानेच करून दाखवलं, पायांवर पालथं घेते, तेल चोळते, मग थोपटते. थोपटणं कसं सांगायचं ते सुचेना म्हणून हवेत हात आपटत 'बीट, बीट, देन स्लीप' म्हणाल्या. बहीण सांगते, त्या बाईचं पेन एकदम थांबलं, तिने वर बघितलं आणि मग खाली मान घालून बराच वेळ लिहीत होती. फोनवर हिंदी दुभाषी जोडून दिला पण तोवर सासूबाई इतक्या घाबरल्या की प्रत्येक प्रश्नाला नुसतं हो हो.

आता एक सेफ्टी प्लॅनचा कागद दिलाय, त्यात सासूबाईंनी बाळाजवळ एकटं थांबायचं नाही असं आहे. सही केलेली नाही अजून, शुक्रवारी परत येणारेत. भावोजी म्हणतात आपल्याला लपवायचंय काय, सगळं सांगून टाकू. बहीण म्हणते सगळं सांगितल्यावरच तर हे झालं. सासूबाईंचं परतीचं तिकीट बारा दिवसांवर आहे, त्या गेल्या तर पळवून लावलं असं दिसेल का? आणि टेक्ससने कायदा बदलून आईवडिलांना जास्त हक्क दिलेत असं वाचलं ते खरंय का? दोघं एच-वन (नोकरीचा व्हिसा), एच-फोरवर (जोडीदाराचा) आहेत, व्हिसाचं काय होतं? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा. ती जेवत नाहीये.

प्रतिसाद – ह्यूस्टनकर

ताई, पहिलं म्हणजे सही करू नका असं मी म्हणणार नाही, पण वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका. आणि हे मी माझं सांगत नाही, टेक्ससच्या कायद्यातच आहे. २०२३ मध्ये हाऊस बिल ७३० पास झालं, १ सप्टेंबर २०२३ पासून लागू आहे, त्यानुसार तपास करणाऱ्यांनी सुरुवातीलाच आईवडिलांना त्यांचे हक्क सांगायचे असतात: वकील नसताना न बोलण्याचा हक्क, बोलणं रेकॉर्ड करण्याचा, घरात येऊ न देण्याचा, बाळाच्या तपासणीला संमती न देण्याचा आणि सेफ्टी प्लॅन मान्य करण्याआधी वकिलाशी बोलण्याचा. बहिणीला विचारा, मंगळवारी हा कागद दिला का आणि तोंडी सांगितलं का. फक्त एक लक्षात ठेवा, घरात येऊ दिलं नाही तर ते कोर्टाकडून ऑर्डर आणू शकतात. म्हणजे दार आपटायचं असा याचा अर्थ नाही. त्याच वर्षी हाऊस बिल ६३ आलं, तेव्हापासून निनावी तक्रार घेत नाहीत, नाव-नंबर द्यावा लागतो, पण तो तुम्हाला कळणार नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये तर प्रपोझिशन १५ वर मतदान होऊन पालकांचे हक्क थेट टेक्ससच्या राज्यघटनेत गेले. पण त्याच्या भरवशावर राहू नका, त्याने चालू चौकशी थांबत नाही.

व्हिसासाठी इमिग्रेशन वकील वेगळा गाठा. मला कळलं ते एवढंच की सीपीएसचा निष्कर्ष म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे, त्या दोन गोष्टी एक समजून घाबरू नका. तिकिटाचं वकिलालाच विचारा आणि तो सांगेपर्यंत तारीख बदलू नका, ना अलीकडे ना पलीकडे.

प्रतिसाद – बालरोगवाली

याला मंगोलियन स्पॉट म्हणतात, आपल्याकडच्या बाळांमध्ये अगदी कॉमन, बहुतेक वेळा काही वर्षांत आपोआप फिके होतात. मार लागलेल्याचा डाग काही दिवसांत निळ्याचा हिरवट-पिवळा होतो आणि जातो, हा आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. आजपासून रोज त्याच उजेडात, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायला सांगा. बाळाच्या डॉक्टरांकडून डाग कुठे, किती सेंटीमीटर हे लिहून घ्या. हॉस्पिटलच्या डिस्चार्ज पेपरमध्ये पहिल्या तपासणीची नोंद असेल ती शोधा. आणि समजा तिथल्या एक्सपर्ट डॉक्टरांनी विरोधात मत दिलंच तर टेक्ससमध्ये २०२१ च्या सिनेट बिल १५७८ मुळे स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या डॉक्टरचं मत घेता येतं.

आता एक विचारते, राग मानू नका. बिब्बा घातलाय का कुठे? किंवा पोटाला डाग, म्हणजे तापवून चटका, दिलाय का? तसं असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

प्रतिसाद – शाळेतली

मी अमेरिकेत शिक्षिका आहे, डे-केअरवाल्या बाईंना शत्रू समजू नका एवढंच सांगायचंय. टेक्ससमध्ये शंका आली तर कळवणं प्रत्येकाला कायद्याने बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. पाच महिन्यांचं बाळ स्वतः बोलू शकत नाही. मी एकदा गप्प बसले होते आणि ते मूल खरंच मार खात होतं, आजही त्याचा चेहरा आठवतो. शुक्रवारी मराठी दुभाषी मागा, हिंदी नको, फुकट मिळतो. आणि थोपटणं या शब्दाला 'पॅट' म्हणतात हे सासूबाईंना पाठ करायला लावू नका, पढवल्यासारखं दिसतं. त्यांना त्यांच्या भाषेत सांगू दे.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, रडतच वाचलं. बिब्बा नाही, चटका नाही, फक्त तेल आणि ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक. हक्कांचा कागद दिला होता म्हणे, फ्रिजवर मॅग्नेट लावून तसाच पडलाय, कुणी वाचलाच नाही.

डिस्चार्ज पेपर सापडले. तिसऱ्या पानावर कमरेच्या डागाची ओळ आहे, पण खांद्याची नाही. मग रात्री फॅमिली ग्रुप मागेमागे सरकवत गेले. बाळंतपणाला आमची आई गेली होती, तिने बाळ बारा दिवसांचं असताना न्हाऊ घालतानाचा व्हिडिओ टाकला होता. त्यात खांद्यावरचा डाग स्वच्छ दिसतो, वर तारीख आहे, आणि तेव्हा सासूबाई पुण्यात होत्या. पण त्याच व्हिडिओत आई बाळाला पायांवर पालथं घेऊन दणादण थोपटतेय, बाळ रडतंय, आणि मागून भावोजी हसतायत. हा दाखवायचा का? अर्धाच कापून दाखवला तर?

प्रतिसाद – ह्यूस्टनकर

कापू नका, काहीही कापू नका. आहे तसा आधी वकिलाला दाखवा, पुढे द्यायचा की नाही ते तो ठरवेल. ग्रुपमधला मूळ मेसेज कुणी डिलीट करू नका, आईंना आत्ताच फोन करून सांगा.

धागाकर्ती

केला फोन. आई म्हणाली, "मी मारत होते असं म्हणणार का गं ते?" तिला काय सांगू कळेना. गुरुवारी त्यांच्याकडे सकाळी नऊला वकिलाची वेळ मिळालीय, शुक्रवारसाठी मराठी दुभाषी मागितलाय. डॅलसच्या बाजूला कुणी असेल तर गुरुवारी दोन तास सासूबाईंजवळ बसायला याल का? त्या बाळाला हातच लावत नाहीयेत, लांब खुर्चीवर बसून असतात.