मदत हवी आहे: अँटिव्हायरस हिशेबाची फाईल सारखी उचलून नेतोय

नमस्कार मंडळी. लातूरला घरच्या कॉम्प्युटरवर अण्णांच्या आडतीच्या हिशेबाचा जुना प्रोग्राम आहे, 2009 पासूनचा. परवा अँटिव्हायरस अपडेट झाला अन् त्याची ईएक्सई फाईल (जिच्यावर प्रोग्राम चालतो ती) थेट क्वारंटाईनमध्ये, म्हणजे संशयित फाईली कोंडून ठेवायच्या जागी. परत आणली की दोन मिनिटांत पुन्हा गायब!

व्हायरसटोटलवर (एकच फाईल बऱ्याच अँटिव्हायरसकडून तपासून देणारी साईट) टाकली तर त्यातल्या तिघांनीच लाल दाखवली, तेही 'जेनेरिक' म्हणून, म्हणजे ठरावीक व्हायरसचं नाव न घेता. बाकी सगळे गप्प. मला खोटा गजर वाटतोय, पण पेनड्राईव्ह गावभर फिरलेला, छातीठोक सांगवत नाही. मूळ सीडीवरच्या फाईलचा एसएचए-256 हॅश (फाईलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) हिच्या हॅशशी जुळला तर पुरे का? अख्खा फोल्डर स्कॅनमधून वगळायला जीव धजत नाही, नुसती ती एक फाईल वगळता येते का?

सोयाबीनची आवक सुरू आहे. अण्णा वही काढून बसलेत अन् माझ्याकडं बघायलेत.