शब्दचर्चा : अरब, अरबी, मुस्लिम, इस्लामी

प्रश्न
‘इराणसारख्या अरब देशात’ अशी वाक्यं मराठीत सर्रास छापली जातात. ती चूक आहेत हे कळतं, पण ‘अरब’ कुठे आणि ‘मुस्लिम’ कुठे वापरायचं याची सोपी कसोटी आहे का? ‘अरबी’ आणि ‘इस्लामी’ ही रूपं नेमकी कधी?

उत्तर
अरब हे भाषेचं आणि वंशाचं नातं, मुस्लिम हे धर्माचं. आधी विचारा, या लोकांची मायबोली अरबी आहे का? इराणमध्ये बहुसंख्यांची फारसी, तुर्कस्तानात तुर्की, अफगाणिस्तानात पश्तो आणि दरी. यातला एकही अरब देश नाही. मुस्लिम लोकसंख्या सर्वांत मोठी आहे ती इंडोनेशियात, तोही अरब नाही. जगातल्या मुस्लिमांत अरब अंदाजे पाचात एक.

घोटाळा लिपीमुळे होतो. फारसी, उर्दू, पश्तो या अरबी वळणाच्या लिपीत लिहिल्या जातात, म्हणून पाटी दिसली की ‘अरबीत लिहिलंय’ असं आपण म्हणून जातो. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांचे मालक काही झरतुष्ट्री, काही शिया मुस्लिम. अरब दोन्ही नाहीत.

उलट बाजू
अरब म्हणजे मुस्लिमच, हेही खरं नाही. लेबनॉनमध्ये 1943 पासूनच्या संकेतानुसार राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचा सभापती शिया असतो. अरब राष्ट्रवादाचा झेंडा घेतलेल्या बाथ पक्षाचे एक संस्थापक मिशेल अफ्लाक दमास्कसचे ख्रिस्ती. अरबी बायबलात देवासाठी शब्द ‘अल्लाह’ हाच आहे, त्यामुळे तोंडी ‘अल्ला’ आला म्हणून माणूस मुस्लिम ठरत नाही. आणि इराक, तुर्कस्तान भागातले कुर्द बहुतांश सुन्नी मुस्लिम असले तरी अरब नव्हेत. इराकविषयी लिहिताना ही गल्लत सगळ्यांत महागात पडते.

शंका
मग सोमालिया? तो अरब लीगमध्ये (अरब देशांच्या संघटनेत) आहे, भाषा मात्र सोमाली.

त्यावर
बरोबर पकडलंत. 1945 साली कैरोत स्थापन झालेल्या लीगचे आज 22 सदस्य आहेत. तिथे ‘अरब देश’ हा राजकीय शब्द. म्हणून ‘अरब लीगचा सदस्य’ असं लिहावं, ‘सोमाली अरब’ नको. मोरोक्कोतही अमाझिग (बर्बर) लोकांची भाषा 2011 च्या राज्यघटनेने अधिकृत केली. तिथल्या सगळ्यांना सरसकट अरब म्हणणं त्यांना खटकतं.

रूपांविषयी
माणूस : अरब (अरबांनी, अरबांचा). भाषा, घोडा, समुद्र : अरबी. देशाला ‘अरब देश’ म्हणावं, ‘अरबी देश’ कानाला बोचतं. हिंदीतून भाषांतर करताना दोन खड्डे : तिथला ‘अरब’ आकडा असेल तर मराठीत अब्ज, आणि ‘अरबी की सब्जी’ म्हणजे अळूच्या कांद्यांची भाजी!

मुस्लिम : व्यक्ती, समाज, मोहल्ला. इस्लामी : धर्मशास्त्र, कायदा, वास्तुकला. ‘इस्लामी मुलगा’ चूक, ‘मुस्लिम कायदा’ मात्र भारतीय न्यायालयांत रुळलेला. ‘मुसलमान’ फारसीतून आलेलं रूप, बोलण्यात सहज चालतं, त्यात अवमान नाही. ‘मुसलमानी’ हे विशेषण मात्र टाळाच. मराठीत नाम म्हणून त्याचा अर्थ सुंता.

आखातात नोकरी करणारे मराठी लोक ‘अरब’ म्हणतात ते बहुधा स्थानिक नागरिकाला. लिहिताना अमिराती, कुवेती, ओमानी असंच म्हणा. शेजारच्या टेबलावरचा इजिप्शियन हिशेबनीसही अरबच आहे, पण तो तिथे तुमच्यासारखाच परदेशी.

जुन्या मराठीपुरती भर
पूर्वी आपल्याकडे हा फरक शाबूत होता. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेल्या राष्ट्रकूटांच्या 926 सालच्या ताम्रपटात संजानचा अधिकारी ‘मधुमती’ (महंमदाचं संस्कृत रूप) ताजिक कुळातला म्हटला आहे. ताजिक म्हणजे अरब. ताय् या अरब टोळीच्या नावावरून फारसीमार्गे आलेला शब्द. वर्षफळ सांगणाऱ्या ताजिक ज्योतिषातला ‘ताजिक’ हाच. त्यातला ‘इत्थशाल’ हा ग्रहयोग म्हणजे अरबी ‘इत्तिसाल’. गंमत म्हणजे मध्य आशियात हाच शब्द पुढे फारसीभाषकांना चिकटला.

पेशवाईच्या अखेरीस ‘अरब’ म्हणजे भाडोत्री शिपाई. 1818 मध्ये मालेगावचा किल्ला इंग्रजांविरुद्ध अरब शिबंदीने लढवला. निजामाच्या चाकरीतले येमेनच्या हद्रमौतचे अरब ‘चाऊस’ म्हणवले गेले. शब्द मुळात तुर्की, लष्करी हुद्द्याचा. मराठवाड्यात ते आज आडनाव आहे. जंजिऱ्याचे सिद्दी हबशी, म्हणजे आफ्रिकी वंशाचे. त्यांना अरब लिहिलेलं दिसलं तर खुशाल खोडा.

आणखी एक
मुस्लिमांसाठी ‘यवन’ टाळावं हेही या चर्चेत यायला हवं. तो मुळात ग्रीकांसाठीचा शब्द, आयोनियावरून आलेला. बखरींत मुस्लिमांसाठी येणारा ‘अविंध’ म्हणजे कान न टोचलेला. उतारा देताना दोन्ही जसेच्या तसे ठेवा, आपल्या वाक्यात नकोत.