मदत हवी आहे: ट्रेक (नव्या टी पेशींची, म्हणजे एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींची खूण असलेले डीएनएचे तुकडे) कमी, बाळ ३२ आठवड्यांचं, फ्लो (रक्तातल्या पेशी प्रकारानुसार मोजायची तपासणी) आत्ताच करायची का?

एनआयसीयू_मडगाव: वजन १६०० ग्रॅम, वय ९ दिवस. नवजात तपासणीच्या रक्ताच्या कार्डावर ट्रेक कमी, म्हणून 'एससीआयडी (जन्मजात रोगप्रतिकारशक्ती जवळपास नसण्याचा आजार) संशयित' असा शेरा आलाय. ताप नाही, दूध पचतंय. बीसीजी आणि पोलिओचे थेंब अजून दिलेले नाहीत. फ्लो सायटोमेट्री लगेच करायची की दुसरं कार्ड पाठवायचं? पहिल्या कार्डासाठी रक्त नाभीच्या लाइनमधून (नाभीत घातलेल्या नळीतून) घेतलं होतं.

पीसीआरवाला: अर्धं उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. लाइनमध्ये हेपरिन होतं का? हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) पीसीआर, म्हणजे ट्रेक मोजायची डीएनए चाचणी, अडवतं. लॅबकडे कंट्रोल जनुकाचा, म्हणजे चाचणी नीट चालली का ते दाखवणाऱ्या जनुकाचा, आकडा मागा (आरएनेज पी किंवा बीटा-अ‍ॅक्टिन). तोही कमी असेल तर नमुनाच बाद, बाळाबद्दल काहीच कळलेलं नाही. कंट्रोल ठीक आणि ट्रेक कमी असेल तर मात्र प्रकरण खरं.

नवं कार्ड टाचेतूनच घ्या. पहिला थेंब पुसा, एका थेंबात वर्तुळ भरा, थेंबावर थेंब नको. आडवं ठेवून किमान ३ तास वाळवा, उन्हात नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात तेवढ्यात वाळत नाही, घाई केलीत तर ओलं कार्ड पाकिटात जातं. सिलिका जेल विसरू नका.

बांबोळीकर: कंट्रोल ठीक निघालं तरी अपुऱ्या दिवसांच्या बाळात ट्रेक कमी येतात. थोडेच कमी असतील तर ३७ आठवडे भरल्यावर पुन्हा करा. शून्याजवळ असतील तर वाट पाहू नका, फ्लो आत्ताच. ईडीटीएमध्ये (रक्त गोठू न देणाऱ्या नळीत) १-२ मिली रक्त, फ्रीजमध्ये नाही, मुंबईला दुसऱ्या दिवशी पोहोचेल असं. शनिवारी पाठवलंत तर फुकट.

सीडी३ (सगळ्या टी पेशींची खूण), ४, ८, १९, १६/५६ (इतर पेशीप्रकारांच्या खुणा) यांच्याबरोबर सीडी४५आरए (नव्या टी पेशींची खूण) मागाच. आईच्या टी पेशी बाळात उतरल्या असतील तर सीडी३ बरा दिसतो आणि सगळे फसतात. आरए जवळजवळ शून्य दिसतो तेव्हाच ते उघडं पडतं. छातीत काइल (लसिकावाहिन्यांतला दुधाळ द्रव) साठलंय का, हृदयाची शस्त्रक्रिया झाली का, आई गरोदरपणी अ‍ॅझाथायोप्रिनवर (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधावर) होती का, हेही विचारा. टी पेशी त्यानेही घटतात.

एनआयसीयू_मडगाव: आणि लशी?

बांबोळीकर: बीसीजी, पोलिओचे थेंब, पुढे रोटा, तिन्ही जिवंत, तिन्ही थांबवा. बीसीजी वर्षाच्या आत कधीही देता येतं. हिपॅटायटिस बी बिनधास्त द्या. रक्त चढवायची वेळ आली तर इरॅडिएटेडच (किरणोत्सर्ग दिलेलंच) मागा.

एनआयसीयू_मडगाव: लॅबशी बोललो. कंट्रोलही कमी आहे आणि लाइन हेपरिनचीच होती. उद्या सकाळी टाचेतून नवं कार्ड.

पीसीआरवाला: पालकांना 'नमुना बाद' सांगा, 'रिपोर्ट नॉर्मल' नाही. नवं कार्ड येईपर्यंत बीसीजी नकोच.