मदत हवी आहे: ‘रिजेक्ट ऑल’ दाबूनही कुकीची पाटी रोज का येते?

शेवंती
नमस्कार मंडळी. यावर आधी धागा निघाला असेल तर लिंक द्या, मला शोधून सापडला नाही.

घरात लॅपटॉप एकच. माझं काम, लेकीचा अभ्यास आणि सासऱ्यांचं पेपरवाचन, सगळं त्यावरच चालतं. म्हणून क्रोमच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या की साइट्सनी साठवलेलं पुसलं जावं, अशी सेटिंग मी मुद्दाम ठेवली आहे. सासरे क्रिकेटसाठी इंग्लंडचे पेपर वाचतात. पान उघडलं की कुकीची पाटी (आपल्या ब्राउझरमध्ये साइटला बारीक नोंदी ठेवू द्यायच्या का, हे विचारणारी) हजर! ‘अ‍ॅक्सेप्ट ऑल’ ठळक रंगात. नकार द्यायचा तर कुठे सरळ बटण आहे, कुठे ‘मॅनेज’च्या आत शिरावं लागतं. तिथे ‘पार्टनर्स’ची न संपणारी यादी आणि ‘लेजिटिमेट इंटरेस्ट’ नावाची बटणं आधीच चालू. बाबा इमानेइतबारे एकेक बंद करतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. “काल नाही म्हणून सांगितलं ना यांना?” असं ते मलाच विचारतात.

दुसरं, याच लॅपटॉपवर मी शिलाई मशीनच्या किमती पाहिल्या. कुकीज पुसल्या गेल्या असणारच, तरी माझ्या फोनवर जिकडेतिकडे शिलाई मशीन. मग पुसून उपयोग काय? आणि सगळ्याच कुकीज बंद करून टाकल्या तर काय बिघडेल?

चावडीवरचा
शेवंतीताई, बाबांनी ‘नाही’ म्हटलं ही नोंदसुद्धा त्यांच्याच ब्राउझरमध्ये राहते, बहुतेक वेळा कुकीत. रात्री तुम्ही सगळं पुसता, त्यात तो नकारही जातो. सकाळी साइटच्या दृष्टीने बाबा अनोळखी, म्हणून पुन्हा विचारणा. त्या पेपरचा यात डाव नाही. (पाटीची रचना हा डावच आहे, पण तो वेगळा.)

मुळात वेब चालतं ज्या पद्धतीने, त्यात सर्व्हरला मागच्या क्लिकची काहीच आठवण नसते. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू मोंटुली यांनी त्यावर कुकीचा उपाय काढला, तेव्हा डोळ्यासमोर होती ती ऑनलाइन दुकानातली खरेदीची टोपली. देवळाबाहेर चप्पल स्टँडवर बिल्ला मिळतो ना, तसंच. बिल्ल्यावर फक्त नंबर, चपला त्यांच्या फळीवर. कुकीतही बहुधा लांबलचक नंबरच असतो आणि तुमची माहिती त्यांच्या सर्व्हरवर. त्यामुळे ‘कुकीतून व्हायरस येतो’ हेही खरं नाही, ती नुसती मजकुराची ओळ असते.

बघायची असेल तर पेपरचं पान उघडून एफ-१२ दाबा, वरच्या पट्टीत ‘अ‍ॅप्लिकेशन’ आणि मग डावीकडे ‘कुकीज’. नाव, व्हॅल्यू (साठवलेला मजकूर), डोमेन (साइटचा पत्ता), मुदत असे रकाने दिसतील. नावात ‘कन्सेंट’ असलेली ओळ दिसली तर बाबांचा नकार बहुधा तिथेच. मुदतीच्या रकान्यात ‘सेशन’ असेल ती कुकी ब्राउझर बंद झाला की जाते. तारीख असेल ती तोपर्यंत राहते, पण क्रोम आता ४०० दिवसांपुढची मुदत मान्यच करत नाही.

उपाय: सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, खाली अ‍ॅडिशनल कंटेंट सेटिंग्ज, त्यात ऑन-डिव्हाइस साइट डेटा. ‘साठवायला परवानगी’ असलेल्या यादीत फक्त बाबांचे पेपर टाका. बाकीचं पूर्वीसारखंच पुसलं जाईल.

माईनकाठ
फ्रांकफुर्टहून लिहितोय. इथे आम्ही या पाट्या उठताबसता झेलतो, म्हणून थोडं कायद्याचं.

कुकी ठेवण्याआधी विचारा, हे युरोपच्या २००२ च्या ई-प्रायव्हसी निर्देशात २००९ च्या दुरुस्तीने आलं. मग २५ मे २०१८ ला जीडीपीआर हा युरोपचा माहिती-संरक्षण कायदा लागू झाला आणि संमती म्हणजे नेमकं काय ते कडक झालं. आधीच खूण केलेला चौकोन ही संमती नव्हे, असं युरोपच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये प्लॅनेट-४९ या खटल्यात सांगितलं. ‘हो’ एका क्लिकवर आणि ‘नाही’ला मात्र चार क्लिक, यावरून फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड केला. जानेवारी २०२२ मध्ये तो जाहीर झाला, आणि त्यानंतर अनेक ठिकाणी ‘रिजेक्ट ऑल’ पहिल्याच पानावर आलं. ब्रिटन बाहेर पडलं तरी त्यांचे नियम बरेचसे याच वळणाचे आहेत.

‘लेजिटिमेट इंटरेस्ट’ म्हणजे ‘तुमच्या संमतीशिवायही आम्हाला ही माहिती वापरायचा हक्क आहे’ असा कंपनीचा दावा. हरकत घेता येते, आणि बाबा ती बटणं बंद करतात म्हणजे हरकतच घेतात. त्यांना माझा नमस्कार सांगा, इतका चिकाटीचा वाचक मी इथेही पाहिलेला नाही.

खडूफळा
भारताचं विचाराल तर आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. कायद्यात कुकी हा शब्द नाही, पण कुकीतून व्यक्ती ओळखली जात असेल तर संमतीचे नियम लागू होणार. त्यातली मला आवडलेली तरतूद म्हणजे संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीत आणि कोकणीतही. ते मराठी वाचता येईल असं असेल का, हा वेगळ्या धाग्याचा विषय. १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे, तेव्हा लेकीसाठीही हे माहीत असू द्या.

चावडीवरचा
शिलाई मशीनचं राहिलंच. फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन आहात ना? मग तुमचा शोध खात्यावर नोंदला जातो, कुकी पुसून तो जात नाही. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन जाहिरातींचं पर्सनलायझेशन बंद करा. शिवाय फोनमधली अ‍ॅप्स कुकीवर नव्हे तर जाहिरात आयडीवर, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेल्या ओळखक्रमांकावर चालतात. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये गूगल, मग ‘अ‍ॅड्स’, तिथे तो आयडी डिलीट करता येतो. जाहिराती थांबणार नाहीत, पण शिलाई मशीनचा पिच्छा सुटेल.

सगळ्याच कुकीज बंद करू नका. लॉगिन टिकणार नाही, टोपलीत टाकलेली वस्तू गायब होईल. बंद करायच्या त्या थर्ड-पार्टी, म्हणजे तुम्ही पेपर वाचताय आणि त्या पानावरची जाहिरात कंपनी स्वतःची कुकी ठेवते, त्या. सफारी ब्राउझरने त्या मार्च २०२० पासून सरसकट अडवल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक साइटसाठी वेगळा डबा केला. क्रोमने २०२० मध्ये दोन वर्षांत बंद करतो म्हणून सांगितलं, तारखा ढकलल्या आणि जुलै २०२४ मध्ये बेत सोडून दिला. जाहिरातींवर पोट असलेल्या कंपनीकडून वेगळी अपेक्षा नव्हती. तेव्हा प्रायव्हसीच्या त्याच पानावर ‘ब्लॉक थर्ड-पार्टी कुकीज’ तुम्हीच चालू करा. एखाद्या साइटवर पेमेंट किंवा व्हिडिओ अडला तर तेवढ्यापुरती सूट द्या.

शेवंती
सर्वांचे मनापासून आभार! दोन पेपर शांत झाले, बाबा खूश. तिसरा मात्र अजून विचारतो. आणि चौथ्याचं तर वेगळंच: कुकी घ्या, नाहीतर महिन्याला पैसे भरा. हे चालतं का? बँकेची साइटही त्या यादीत टाकू का? सारखी लॉगआउट होते.

चावडीवरचा
तिसऱ्याची नोंद सबडोमेनवर, म्हणजे मुख्य पत्त्याच्या आधी आणखी एक शब्द लावलेल्या पत्त्यावर असेल. पत्त्याच्या आधी कंसात तारा आणि टिंब, म्हणजे [*.] लिहून पुन्हा टाका.

माईनकाठ
चौथ्याचं: हा प्रकार इकडे बोकाळलाय आणि त्यावर वाद चालू आहेत. सध्या तरी बाबांनी तो सामना दुसऱ्या पेपरात वाचावा.

खडूफळा
बँक यादीत अजिबात नको. ती लॉगआउट करते ती सर्व्हरकडूनच, ठरावीक वेळ हालचाल नसली की. त्यामुळे यादीत टाकून फायदाही नाही. लॉगिनची जिवंत कुकी कोणाच्या हाती लागली तर अनेक साइट्सवर पासवर्ड आणि ओटीपी न विचारताच आत शिरता येतं. सामायिक लॅपटॉपवर तर काम झालं की हाताने लॉगआउट कराच. आणि बाबांना क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल काढून द्या. कुकीज वेगळ्या राहतील, पुसण्याची सेटिंगही त्यात ठेवायला नको. फक्त त्याला कुलूप नसतं, लेक हवं तेव्हा उघडू शकते.