मदत हवी आहे: अमूर्त चित्रावरून हाताने रंगवलेलं टाइलचं भित्तिचित्र, कोकणातल्या उघड्या भिंतीसाठी

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक लिहिते आहे, पण ज्यांनी मातीत, भट्टीवर किंवा बांधकामात काम केलंय त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाची रस्त्याकडची जांभ्याची भिंत नव्याने बांधून झाली आहे. समोर एसटी स्टँड, त्यामुळे दिवसभर माणसांची ये-जा. माझी आत्या चित्रकार आहे. मुंबईच्या जेजे कलाशाळेतून बाहेर पडल्यापासून ती अमूर्तच रंगवत आली. तिचं एक चित्र या भिंतीवर कायमचं असावं असं कार्यकारिणीने ठरवलं आणि आत्यानेही होकार दिला. तिची अट एकच: फोटो काढून टाइलवर छापायचं नाही, हाताने रंगवायचं.

मूळ कॅनव्हास साडेचार फूट बाय दोन फूट आणि भिंतीवरची जागा १८ फूट बाय ८ फूट, म्हणजे बरोबर चौपट. सहा इंची टाइल धरली तर आडव्या ३६ आणि उभ्या १६, एकूण ५७६.

माझी खरी अडचण चित्राच्या पोताची आहे. खाली मातकट पिवळा थर, त्यावर राखाडी निळ्याचे पातळ हात आणि तो निळा ओला असतानाच सुरीने खरवडून खालचा पिवळा वर आणलेला. त्या खरवडण्यातच चित्राचा जीव आहे. चौपट मोठं करताना दोन इंची ब्रशचा फटकारा आठ इंचांचा होतो. तो बारीक ब्रशने भरत बसलं तर आकार तोच राहतो, पण हाताचा वेग जातो. अमूर्त चित्रात झाड, घर, माणूस असं ओळखू येणारं काही नसतं. तिथे वेगच गेला तर उरतं काय?

हे होऊ शकतं, याची उदाहरणं जगात आहेत. पोर्तुगालमधल्या लिस्बनची मेट्रो १९५९ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या स्थानकांपैकी बहुतेकांच्या भिंतींसाठी चित्रकार मारिया कैल यांनी भौमितिक, अमूर्त टाइल आखल्या. पुढे १९८८ मध्ये तिथल्या विद्यापीठाजवळच्या सिदाद उनिव्हर्सितारिया स्थानकात चित्रकार मारिया एलेना व्हिएरा द सिल्वा यांचं १९४० सालचं एक छोटं चित्र भिंतभर टाइलवर उतरवलं गेलं. ते उतरवलं मानुएल कार्गालैरो यांनी. ते स्वतः चित्रकार आणि सिरॅमिकमध्ये मुरलेले. कागदावरच्या चित्राला भिंत मिळाली, ती दुसऱ्या एका जाणत्या हातामुळे. मला असाच हात हवा आहे.

दुसरं उदाहरण स्पॅनिश चित्रकार होआन मिरो आणि त्यांचे कुंभार मित्र आर्तिगास यांचं. पॅरिसच्या युनेस्को इमारतीसाठी त्यांनी केलेल्या सूर्य-चंद्राच्या भिंती १९५८ मध्ये पूर्ण झाल्या. आधी बनवलेल्या टाइल फारच एकसारख्या वाटल्या, म्हणून त्या बाजूला ठेवून त्यांनी वेड्यावाकड्या, हातघडणीच्या टाइल केल्या. काही मीटर लांबीच्या रेषा ओढायला मिरोंनी ब्रश न घेता ताडाच्या पानांचा झाडू घेतला, आणि महिन्यांची मेहनत एका फटक्यात वाया जाईल म्हणून आर्तिगास श्वास रोखून बघत राहिले. हे वाचल्यापासून मला वाटतंय की आत्याच्या फटकाऱ्यासाठीही अवजारच चौपट मोठं हवं. आत्याचा हात आता थरथरतो, त्यामुळे प्रत्यक्ष काम मी आणि तिची एक विद्यार्थिनी करू. ती समोर बसून सांगेल.

कार्यकारिणीतल्या एका सदस्यांचं म्हणणं आहे की डिजिटल प्रिंटच्या टाइल घ्या, काम स्वस्तात आणि लवकर होईल. त्यांचा हेतू चांगला आहे, पण छापलेल्या टाइलवर भिंतभर मोठा केलेला फोटोच दिसेल. आत्याचं चित्र जवळून पाहिलेल्या माणसाला ते चालणार नाही.

तर मला हे सांगा: बाजारातल्या तयार पांढऱ्या टाइलवर रंगवून पुन्हा भाजायचं, की बिस्क टाइलवर (एकदा भाजलेल्या, बिनग्लेझच्या टाइलवर) कच्चं ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा थर होणारं मिश्रण) चढवून त्यावर रंगवायचं? खरवडलेला पोत कसा आणायचा? आणि चार महिने पाऊस झेलणाऱ्या भिंतीवर हे टिकेल का?

*

प्रतिसाद: मातीकाम

ताई, तयार टाइलवरचं काम करू नका. ते रंग ७५० ते ८०० अंशांना भाजले जातात आणि ग्लेझच्या वरच बसतात. घरातल्या भिंतीला ठीक आहे. स्टँडसमोरच्या भिंतीवर पिचकाऱ्या येणार, मग कोणीतरी ती अ‍ॅसिडने घासणार, आणि वरचा रंग हळूहळू उतरणार. कच्च्या ग्लेझवर रंगवून हजार अंशांच्या आसपास भाजलं की रंग ग्लेझमध्येच वितळून मुरतो. पोर्तुगीज टाइल टिकल्या त्या अशाच.

मात्र कच्चं ग्लेझ टीपकागदासारखं पाणी ओढतं. ब्रश टेकला की खूण पडली, पुसता येत नाही. त्यामुळे खरवडण्याचं काम एका भाजणीत करू नका. खरवडलं तर खालची बिस्क उघडी पडेल, पिवळा नाही. आधी पिवळं ग्लेझ लावून पूर्ण भाजून घ्या. मग त्यावर थोडं कमी तापमानाला वितळणारं निळं ग्लेझ, डिंक घालून, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागावरही धरेल. ते अर्धवट सुकलं की बांबूच्या पट्टीने किंवा रबराच्या स्क्रॅपरने खरवडा आणि दुसरी भाजणी पहिल्यापेक्षा कमी तापमानाला करा. आत्याबाईंनी कॅनव्हासवर जे केलं, त्याच क्रमाने भट्टीत होईल.

रंगाच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबू नका. कोबाल्ट ऑक्साइड कच्चं असताना काळं दिसतं आणि भट्टीतून निळं येतं. लाल हवा असेल तर तो सगळ्यात नाजूक, जास्त आचेत जळून जातो, म्हणून त्यासाठी खास उष्णता झेलणारं रंगद्रव्य घ्या. आधी नमुन्याच्या टाइल भाजा, प्रत्येकीवर मिश्रणाचं प्रमाण लिहा आणि आत्याबाईंना त्यांच्यातूनच रंग निवडू द्या. ट्यूबमधल्या रंगाशी तुलना नको.

*

प्रतिसाद: जांभाचिरा

मी बांधकामातला माणूस, कलेतलं फार कळत नाही. भिंतीचं सांगतो.

कोकणात टाइलला पावसापेक्षा मागून येणारी ओल मारते. जांभा पाणी धरून ठेवतो. ते पाणी क्षार घेऊन बाहेर येतं आणि टाइल सुटतात. भिंतीच्या डोक्यावर उताराचं कोपिंग, म्हणजे झाकण, करा, त्याला खालून पाणी तोडणारी खाच द्या. वॉटरप्रूफिंग घातलेला गिलावा करा आणि तो पूर्ण वाळू द्या. टाइल दिवाळीनंतर लावायला घ्या आणि मार्चच्या आत संपवा. चित्र जमिनीपासून निदान दोन फूट वर सुरू करा, नाहीतर शिंतोड्यांची लाल माती कायम बसेल.

चिकटवताना चार कोपऱ्यांत गोळे देऊन दाबायची सवय गवंड्यांना असते. तसं करू देऊ नका. पोकळीत पाणी साठतं. पॉलिमरवालं टाइल अ‍ॅडेसिव्ह भिंतीवर आणि टाइलच्या पाठीवरही पूर्ण पसरायला लावा.

आणि तुमचा हिशोब पुन्हा करा. दोन मिलिमीटरचा सांधा धरला तर आडव्या ३५ सांध्यांत सात सेंटिमीटर जातात, उभ्या १५ सांध्यांत तीन. शिवाय चारही बाजूंना लवचीक सीलंटची फट लागेल. सहा इंची म्हणून मिळणारी टाइल १५० मिलिमीटरची आहे की १५२, ते मोजूनच आखणी करा.

*

प्रतिसाद: मांडवी किनारा

गोवा तुम्हाला जवळ आहे, आधी पणजीला जाऊन या. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात पोर्तुगीज टाइलचित्रकार जॉर्ज कोलासो यांनी १९३५ मध्ये रंगवलेली निळी-पांढरी टाइलचित्रं आहेत. चित्रं आकृतिप्रधान आहेत, पण सांध्यावरून रेषा कशी ओढली आहे ते जवळून बघण्यासारखं आहे. फोंतेन्यास भागात हाताने टाइल रंगवणारे आजही आहेत. त्यांच्याकडे भट्टीची चौकशी करा, म्हणजे स्वतःची विकत घ्यावी लागणार नाही.

आणि वाचनालयाशी लेखी करार करा. पुढे दुरुस्ती कोणी करायची, भिंत पाडायची वेळ आली तर आत्यांना आधी विचारायचं, हे त्यात लिहून घ्या. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं म्युरल १९७९ मध्ये काढून टाकलं गेलं. दिल्ली उच्च न्यायालयाचा त्यांच्या बाजूचा निकाल यायला २००५ उजाडलं.

*

धागालेखिका:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन भाजण्यांची कल्पना आत्याला वाचून दाखवली. ती लगेच म्हणाली, "मग पिवळा जरा जास्त तापट ठेव, निळ्याखाली तो थंड पडतो." करार आणि कोपिंग हे दोन्ही मुद्दे कार्यकारिणीच्या बैठकीत मांडते आहे.

मातीकाम, आणखी एक विचारते. आखणी टाइलवर कशी उतरवायची? पूर्वी रांगोळीच्या ठिपक्यांसाठी उदबत्तीने भोकं पाडलेला कागद असायचा, तसा मोठा कागद करून कोळशाची पूड वापरली तर चालेल का? आणि सगळ्या टाइल एकाच वेळी भट्टीत मावणार नाहीत, तर निळ्यात फरक पडेल का?

*

प्रतिसाद: मातीकाम

कोळशाची पूड उत्तम, भट्टीत जळून जाते, डाग राहत नाही. पण भोकं फक्त मोठ्या आकारांच्या सीमांवर पाडा. फटकाऱ्यांची आखणी करू नका, ते हातानेच येऊ द्या. टाइल वाचनालयाच्या हॉलमध्ये जमिनीवर एकमेकींना लागून मांडा, सांध्यांवरून बिनधास्त ओढा आणि उचलताना प्रत्येकीच्या कडा पुसा, नाहीतर भट्टीच्या फळीला चिकटतील. उचलण्याआधी पाठीवर ओळ आणि क्रमांक लोह ऑक्साइडने लिहा, पेनची शाई जळून जाते.

फरक पडेलच, एकाच भट्टीतही वरच्या आणि खालच्या फळीवर पडतो. म्हणून चित्रात शेजारी असलेल्या टाइल एकाच भाजणीत, जवळजवळच्या फळ्यांवर ठेवा. निळ्याचं सगळं मिश्रण सुरुवातीलाच एका बादलीत करून ठेवा, पुन्हा केलेलं तंतोतंत जुळत नाही. आणि त्यातलं थोडं कोरडं करून बरणीत जपा. चार वर्षांनी एखादी टाइल फुटली तर तेच लागेल.