मंडईतल्या खडी गमतीचे व्हिडिओ पीअरट्यूबवर टाकावे का?

उमरेडरोड: दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, फिरून मी खडी गंमत आन् दंडार ही आपली लोकनाट्यं शूट करतो. एका म्हाताऱ्या शाहिराच्या चालीवर कुठल्याशा म्युझिक कंपनीनं हक्क सांगितला, यूट्यूबवरून व्हिडिओ उडाला. शाहीर विचारते, “माह्या आज्याची चाल त्यायची कशी झाली?” काय सांगू त्याले? म्हणून म्हणतो, नागपुरातच आपला पीअरट्यूब सर्व्हर टाकू. स्वतःची व्हिडिओ साइट चालवाले फ्रामासॉफ्ट या फ्रेंच संस्थेचं खुलं सॉफ्टवेअर आहे, पहिली पक्की आवृत्ती 2018 ची. जाहिराती नाही, नियम आपले. दुसऱ्या पीअरट्यूब सर्व्हरवाले, मॅस्टडॉन या सोशल नेटवर्कवाले आपापल्या खात्यावरूनच फॉलो करतात.

बर्डीवाला: सॉफ्टवेअर फुकट आहे भाऊ, डिस्क नाही. एकच व्हिडिओ तीन-चार साइजमध्ये साठवावा लागते. आन् पाहाले कोण येईल? शाहिराले सुपाऱ्या मिळते त्या लोकं रोजचं ॲप पाहते म्हणून.

उमरेडरोड: एकाच वेळी पाहणाऱ्यांचे ब्राउझर एकमेकांले व्हिडिओचे तुकडे देतात, सर्व्हरचा भार हलका होते.

बर्डीवाला: “एकाच वेळी”! दंडारीले एका वेळी किती जण? तीन? मग सारा भार सर्व्हरवरच. वरून देवाणघेवाणीत पाहणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दुसऱ्याले दिसू शकते, तेही सांगून टाका.

महालची_मावशी: 2018 च्या जूनमध्ये यूट्यूबवर ब्लेंडर या खुल्या थ्रीडी सॉफ्टवेअरवाल्यांचे व्हिडिओ अडकले होते. त्यांनी स्वतःचं पीअरट्यूब उभं केलं, पण यूट्यूबही सोडलं नाही. धान्य कोठीत ठेवा, बाजारातही न्या. भांडता कशाला?

तर्रीपोहे: मावशी, ब्लेंडरकडे देणग्या येतात, सांभाळाले माणसं आहेत. आपला सर्व्हर एक पोरगा चालवीन, त्याले पुण्यात नोकरी लागली की कुलूप! आन् कॉपीराइटचा कायदा तिथंही लागूच. मधात कंपनी नसली की नोटीस थेट उमरेडरोडच्या घरी.

उमरेडरोड: येऊ द्या. निदान शाहिराले घेऊन वकिलाकडे जाता येईल. तिकडं फॉर्म भरा आन् मशीनच्या उत्तराची वाट पाहा. पोरगा गेला तर अकाउंट एक्सपोर्ट करून दुसरीकडं नेऊ. मूळ फायली माह्या हार्डडिस्कवर आहेतच.

तर्रीपोहे: एकाच हार्डडिस्कवर? बाप्पा!

बर्डीवाला: पहिले दुसरी हार्डडिस्क घ्या, मग सर्व्हर. महिन्याचा हिशोब इथं टाका. माह्याकडून पाचशे. जुना चॅनेल बंद केला तर परत मागीन.